ठेच लागते तेव्हा

रात्री अंधारात पाणी प्यायला उठावं आणि पायाची करंगळी पलंगाच्या खुरावर आपटावी. तोंडातून ‘आई गं!’ निघून जातं, पाय आपोआप वर उचलला जातो, आणि मग क्षणभर काहीच नसतं. त्या क्षणात आपल्याला पक्कं ठाऊक असतं की खरं दुखणं अजून यायचंय. ते येतंच. पहिल्यासारखं टोकदार नव्हे. पसरत जाणारं, ठणकणारं, खाली बसायला लावणारं.

ठेच एकच लागली, तर दुखणं दोनदा का येतं?

करंगळीतून दुखण्याची खबर नेणारे चेतातंतू दोन जातींचे असतात. एका जातीवर मायलिन नावाच्या स्निग्ध पदार्थाचं पातळ वेष्टण असतं. त्यातून खबर सेकंदाला ५ ते ३० मीटर वेगाने धावते. दुसरी जात उघडी. तिच्यातून खबर सेकंदाला अर्धा ते दोन मीटर, म्हणजे जवळपास आपल्या चालण्याच्या वेगाने जाते. मोठ्या माणसाच्या करंगळीपासून कमरेच्या वरपर्यंतचं अंतर धरा एक मीटर. पहिली खबर सेकंदाच्या पाचव्या हिश्शात पोचते, दुसरीला एखादा सेकंद सहज लागतो. मधल्या त्या शांततेत दुसरी खबर अजून गुडघ्याच्या आसपास असते.

एके काळी योहानेस म्युलर यांच्यासारख्या थोर शरीरक्रियाशास्त्रज्ञालाही वाटत होतं की हा वेग माणसाला कधी मोजताच येणार नाही. त्यांचेच विद्यार्थी हर्मन फॉन हेल्महोल्ट्झ यांनी १८५० साली बेडकाच्या पायातल्या तंतूवर तो मोजला, सेकंदाला सुमारे २७ मीटर. आपल्याला तर तेवढीही खटपट नको. ठेच लागली की दोन दुखण्यांमधलं अंतर मनातल्या मनात मोजायचं, एवढंच.

या तंतूची मला सर्वांत विलक्षण वाटणारी गोष्ट वेगळीच आहे. करंगळीपासून मज्जारज्जूपर्यंतची ती सगळी लांबी म्हणजे एकच पेशी असते. पेशीचं मुख्य अंग कमरेच्या मणक्यांजवळच्या एका छोट्या गाठीत, केसाच्या जाडीहूनही बारीक; आणि तिथून निघालेला तंतू खाली थेट बोटापर्यंत. पेशीचं केंद्रक, म्हणजे जिथे डीएनए असतो ती जागा, त्या गाठीत आहे. करंगळीत लागणारी बहुतेक सगळी प्रथिनं तिथे कमरेपाशी बनतात आणि खाली पाठवली जातात.

आपल्या जनुकीय पोथीत सुमारे ३०० कोटी अक्षरं आहेत आणि प्रथिनं कशी बनवायची ते सांगणारी जनुकं २०,००० च्या आसपास. यकृताच्या पेशीत तीच पोथी असते, स्नायूच्या पेशीतही तीच. प्रत्येक जण आपापले अध्याय वाचतो. वेदनेच्या पेशीत उघडला जाणारा एक अध्याय दुसऱ्या क्रमांकाच्या गुणसूत्रावर आहे. त्याचं नाव एससीएन९ए. या जनुकाबरहुकूम सुमारे २,००० अमिनो आम्लांची माळ ओवली जाते, ती घडी घालून बसते आणि पेशीच्या आवरणात शिरलेलं एक दार तयार होतं. ते फक्त सोडियमला आत घेतं.

हे दार कमरेपासून बोटापर्यंत नेणारे हमालही प्रथिनांचेच. किनेसिन हे अशा हमालाचं नाव. त्याला अक्षरशः दोन पाय असतात, आणि पेशीतल्या रुळांवरून तो आठ-आठ नॅनोमीटरची पावलं टाकत चालतो. असा माल दिवसाकाठी २०० ते ४०० मिलिमीटर पुढे सरकतो. म्हणजे आज कमरेपाशी तयार झालेलं दार करंगळीत पोचायला तीन ते पाच दिवस. येत्या परवा लागणाऱ्या ठेचेची खबर देणारं दार आज वाटेत आहे. हे लक्षात ठेवा, पुढे याचं काम पडणार आहे.

दाराचं काम कसं चालतं? पेशीच्या आतली बाजू बाहेरच्यापेक्षा सुमारे ७० मिलिव्होल्टने ऋण असते आणि बाहेर सोडियमची दाटी. बोट आपटलं की तंतूच्या टोकाला थोडी विद्युत हालचाल होते. एससीएन९एचं दार अशा बारीक हालचालीलाही उघडतं, सोडियम आत शिरतं, हालचाल मोठी होते, त्याने शेजारची दारं उघडतात, मग त्यांच्या शेजारची. प्रत्येक दार सेकंदाच्या हजाराव्या हिश्शाएवढा वेळ उघडं राहून मिटतं आणि लाट पुढे जाते. हे गणित ॲलन हॉजकिन आणि अँड्र्यू हक्स्ली यांनी १९५२ साली मांडलं, तेही कोकणात ज्याला माकुळ म्हणतात त्या समुद्री प्राण्याच्या तंतूवर. माकुळाचा एक तंतू चक्क मिलिमीटरभर जाड असू शकतो, त्यामुळे त्यात तार खुपसून मोजमाप करता आलं. दात काढताना हिरडीत टोचतात ते लिग्नोकेन ही सोडियमची दारंच अडवून धरतं. मात्र ते सगळ्याच जातींची दारं अडवतं, म्हणून गालही बधिर होतो.

एकच दार बंद पडलं तर काय होतं, ते पाकिस्तानच्या उत्तर भागातल्या एका मुलामुळे कळलं. दहा वर्षांचा तो मुलगा रस्त्यावर खेळ करून दाखवायचा. दंडातून सुरी आरपार घालायचा, पेटत्या निखाऱ्यांवरून चालायचा. केंब्रिजच्या जेफ्री वुड्स यांच्या कानावर त्याची गोष्ट गेली, पण संशोधकांची आणि त्याची भेट व्हायच्या आत तो गेला. तेरा-चौदा वर्षांचं पोर, घराच्या छपरावरून उडी मारली आणि संपलं. उंची भयंकर असते हे अंगाने कधी शिकवलंच नव्हतं. पुढच्यास ठेच, मागचा शहाणा असं आपण म्हणतो. पण ज्याला स्वतःचीच ठेच कळत नाही त्याने शहाणं कुठून व्हावं?

त्याच बिरादरीतल्या तीन कुटुंबांमध्ये अशी आणखी सहा मुलं सापडली. त्यांना स्पर्श कळत होता, गार-गरम कळत होतं, गुदगुल्या होत होत्या. फक्त दुखणं नव्हतं. सगळ्यांच्या ओठांना किंवा जिभेला लहानपणी स्वतःच चावून घेतल्याच्या खुणा होत्या. दोघांच्या जिभेचा पुढचा तिसरा हिस्सा उरलाच नव्हता. हाडं मोडलेली घरात कुणाला कळलीच नव्हती. २००६ साली त्यांच्या डीएनएचा निकाल प्रसिद्ध झाला. सहाही जणांत एससीएन९ए जनुकाच्या दोन्ही प्रती निकामी होत्या. आईबापांकडे प्रत्येकी एकेक चांगली प्रत असल्याने त्यांना काही त्रास नव्हता. नात्यात लग्नं होतात तिथे मोडकी प्रत दोन्हीकडून येण्याचा संभव वाढतो. मामाच्या मुलीशी लग्न करायची रीत आपल्याकडेही अनेक घरांत आहे, म्हणून हे इथे सांगितलं.

याच जनुकातला उलटा बिघाड दोनच वर्षं आधी, २००४ मध्ये, चीनमधल्या रुग्णांत सापडला होता. त्यांच्यात हे दार गरजेपेक्षा फार सहज उघडतं. पायात मोजे घातले, अंगावर पांघरूण घेतलं, जरा चाललं, की तळपायांची आग आग होते. पाय लाल होतात आणि माणूस ते बर्फाच्या पाण्यात बुडवून बसतो. एका जनुकातल्या एखाद्या अक्षराचा फरक, आणि एका घरात निखाराही कळत नाही तर दुसऱ्या घरात मोजा निखाऱ्यासारखा. या दोन घरांमुळेच वेदनाशामकांचा नवा शोध सुरू झाला. जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेत सुझेट्रिजिन या औषधाला मान्यता मिळाली. ते एससीएन९एच्या भावंडाने बनवलेलं दार अडवतं. हे दार मुख्यतः मेंदूबाहेरच्या, वेदना नेणाऱ्या पेशींत असतं, त्यामुळे मॉर्फिनसारखं व्यसन लागण्याची भीती इथे नाही.

ठेचेवरून ठेच्याकडे वळायला हरकत नाही, कारण तंतू तेच आहेत. तिखट ही चव नव्हे, ते भाजणं आहे. वेदनेच्या तंतूंच्या टोकांवर टीआरपीव्ही१ नावाचं आणखी एक दार असतं. ते सुमारे ४३ अंश सेल्सिअसच्या वर उघडतं आणि मेंदूला ‘भाजतंय’ असा निरोप जातो. मिरचीतलं कॅप्सेसिन याच दाराला चिकटून ते एरवीच्या तापमानालाच उघडतं. म्हणून ठेचा-भाकरी खाताना कपाळावर घाम येतो. शरीर खरोखरच आपल्याला थंड करू पाहत असतं. डेव्हिड ज्युलियस यांनी १९९७ मध्ये या दाराचं जनुक शोधलं आणि २०२१ चं नोबेल त्यांना आर्डेम पाटापूटियन यांच्यासोबत मिळालं. पिंजऱ्यातला पोपट हिरवी मिरची मजेत सोलून खातो, कारण पक्ष्यांच्या दारावर कॅप्सेसिनला धरायला जागाच नाही. खऱ्या उष्णतेला मात्र पक्ष्यांचंही दार उघडतं.

इथवर सगळं तंतूंचं झालं. पण करंगळीतून निघते ती निव्वळ खबर. ती दुखणं होते मेंदूत, आणि वाटेत तिच्यावर बरेच संस्कार होतात. पहिला मज्जारज्जूत. पाय वर उचलण्याचा हुकूम मज्जारज्जूच देऊन टाकतो, मेंदूला नंतर कळतं. तिथेच एक प्रकारचा उंबरठाही आहे. रोनाल्ड मेलझॅक आणि पॅट्रिक वॉल यांनी १९६५ मध्ये सुचवलं की स्पर्शाचे जाड, वेगवान तंतू जागे झाले की वेदनेच्या खबरीला या उंबरठ्यावर अडवलं जातं. आपटलेलं बोट आपण लगेच चोळतो ते उगाच नाही. मेंदूही वरून खाली हुकूम पाठवतो. १९७५ मध्ये ॲबर्डीनला जॉन ह्यूज आणि हान्स कोस्टर्लिट्झ यांना डुकराच्या मेंदूत मॉर्फिनसारखं काम करणारे रेणू सापडले. आपल्या मेंदूतही ते असतात, आणि मेंदूने मनावर घेतलं तर खालून येणारी खबर ते दाबून टाकतात. दुसऱ्या महायुद्धात हेन्री बीचर या डॉक्टरांनी इटलीत पाहिलं होतं की भयंकर जखमी झालेले अनेक सैनिक शुद्धीवर असूनही वेदनाशामक मागत नाहीत. जीव वाचला, घरी जायला मिळणार, हे त्यांच्या मेंदूला कळलं होतं.

पडलेल्या मुलाला आई जवळ घेते, गुडघा चोळते, फुंकर घालते आणि म्हणते, ‘मुंगी मेली बघ!’ मूल मुंगी शोधायला लागतं आणि रडं थांबतं. चोळण्याने उंबरठ्यावर, मुंगीने मेंदूत, दोन्हीकडून ती खबर अडवते. ही फसवणूक नाही. त्या मुलाचं दुखणं खरोखर कमी झालेलं असतं.

आता ज्यांच्या तंतूंनाच रोग होतो त्यांच्याविषयी. कुष्ठरोगाचा जंतू शरीराच्या थंड भागांत, हातापायांत, तंतूंना वेष्टण घालणाऱ्या पेशींमध्ये घर करतो. रोगाने बोटं सडून गळतात असं पिढ्यान्‌पिढ्या मानलं गेलं आणि त्या समजुतीपायी माणसं गावाबाहेर काढली गेली. १९४६ पासून वेल्लोरला काम करणाऱ्या डॉ. पॉल ब्रँड यांनी दाखवून दिलं की बोटं सडत नाहीत, ती झिजतात आणि जखमी होतात. तापलेलं भांडं उचललं तरी कळत नाही. रात्री झोपेत उंदराने कुरतडलं तरी जाग येत नाही. बाबा आमटे यांनी वरोऱ्याजवळ आनंदवन उभं करायला घेतलं तेव्हा त्यांच्यासोबत आलेली माणसं याच बधिर हातांनी विहीर खणत होती. रोगावर आज खात्रीचं औषध आहे, मोफत आहे. लवकर दाखवलं तर तंतूही वाचतात.

आणि मधुमेह. माझ्या वडिलांना, दादांना, वीस वर्षांपासून आहे. एका संध्याकाळी ते बाजारातून आले आणि शहाबादी फरशीवर दारापासून खुर्चीपर्यंत लाल ठिपके उमटले. मी ओरडलोच, ‘दादा, पायातून रक्त येतंय!’ ते खाली वाकून बघत म्हणाले, ‘कुठे? मला तर काही लागलं नाही.’ चपलेच्या तळातून एक चुका वर आला होता. दिवसभर ते त्याच्यावर पाऊल टाकत हिंडले होते.

वाढलेली साखर तंतूंना रक्त पुरवणाऱ्या बारीक रक्तवाहिन्या बिघडवते आणि पेशीचं आतलं कामकाजही. त्यात सर्वांत आधी थकतात ते सर्वांत लांब तंतू. कमरेपासून करंगळीपर्यंत माल पोचवायला धडधाकट पेशीलाही तीन ते पाच दिवस लागतात, हे वर सांगितलं ते याचसाठी. म्हणून बधिरपणा बोटांच्या टोकांपासून सुरू होतो आणि मोजा चढवावा तसा वर सरकतो. काहींना आधी मुंग्या येतात, रात्री तळपाय जळतात; काहींना काहीच होत नाही, आणि ते जास्त घातक. दादांना कधीच काही झालं नव्हतं. मधुमेह असेल तर रोज रात्री दिव्याखाली तळपाय बघा, वाकता येत नसेल तर आरसा धरा, चप्पल घालण्याआधी आत हात फिरवा. वर्षातून एकदा डॉक्टरांकडून पायांची तपासणी करून घ्या. पाच मिनिटांचं काम आहे.

दादांची झाली तेव्हा मी शेजारी उभा होतो. डॉक्टरांनी नायलॉनचा एक जाडसर धागा घेतला. दहा ग्रॅम जोर पडला की वाकेल, असा तो बनवलेला असतो. ‘डोळे मिटा, आणि धागा लागल्यासारखं वाटलं की हो म्हणा,’ त्यांनी सांगितलं. घोट्याजवळ टेकवला, दादा म्हणाले, ‘हो.’ टाचेला टेकवला. जरा थांबून, ‘हो.’ मग अंगठ्याखाली टेकवला. धागा पार वाकला होता, आणि दादा डोळे मिटून, तो कधी लागतोय याची वाट बघत बसले होते.