पाळीव प्राण्याचा मृत्यू व बालशोक

घरातल्या पाळीव प्राण्याचे वार्धक्य, आजारपण व मृत्यू यांमुळे मुलांच्या भावनांत व वागण्यात होणारे बदल. मृत्यूशी मुलाची पहिली जवळची गाठ बहुधा अशाच प्रसंगी पडते, म्हणून बालमानसशास्त्रात या विषयाला स्थान मिळाले आहे.

मृत्यूची समज : ती कोणत्या वयात येते, याविषयी एकमत नाही. हंगेरीच्या मारिया नॉज यांनी ३ ते १० वर्षांच्या मुलांच्या अभ्यासावरून तीन टप्पे मांडले (१९४८). त्यांच्या मते पाच वर्षांखालील मूल मृत्यूला दूर जाणे किंवा झोप समजते. साधारण ५ ते ९ या वयात मृत्यू ही कोणी व्यक्ती आहे असे त्याला वाटते. त्यानंतर मृत्यूची अटळता उमगते. यांतील व्यक्तिरूपाचा टप्पा पुढे अमेरिकेतील अभ्यासांत फारसा आढळला नाही. तो तत्कालीन लोककल्पनांतून आला असावा. मार्क स्पीस व सँडोर ब्रेंट यांनी १९८४ मध्ये मृत्यूकल्पनेचे तीन घटक वेगळे केले : मेलेला परत येत नाही, त्याच्या शरीराची सर्व कार्ये थांबतात आणि सर्व सजीव मरतात. बहुतेक मुलांना हे ५ ते ७ वर्षांच्या दरम्यान कळते, असा त्यांचा निष्कर्ष. सुझन केरी (१९८५) यांनी मात्र मृत्यूची जैविक समज दहाव्या वर्षाच्या सुमारास पक्की होते असे मानले. व्यवहारात घटकनिहाय मांडणी अधिक उपयोगी पडते. कुत्रा परत येणार नाही हे मान्य करणारे मूलच ‘खड्ड्यात त्याला थंडी वाजेल का?’ असे विचारते. पहिला घटक कळला, दुसरा कळायचा आहे, एवढाच त्याचा अर्थ.

आजारपणाचा काळ : प्राण्याने खाणे सोडणे, जिना न चढणे, जागीच लघवी करणे हे मुलाच्या नजरेतून सुटत नाही. मोठ्यांनी ते लपवल्यास मूल स्वतःच कारण शोधते आणि पुष्कळदा दोष स्वतःकडे घेते. असाध्य दुखण्यात पशुवैद्य औषध टोचून प्राण्याला मरण देतात. त्याला ‘झोपवले’ असे सांगितल्यास लहान मुलांना झोपेचीच भीती बसू शकते.

शोक : रडणे, चिडचिड, झोपमोड, मृत्यूचा खेळ मांडणे, तर कधी काहीच न घडल्यासारखे वागणे. दुःख अधूनमधून उसळते. मधल्या वेळात मूल खेळते, ते निर्विकारपणाचे लक्षण नव्हे. ब्रिटनमधील सहा हजारांवर मुलांच्या दीर्घकालीन पाहणीत (२०२०) पाळीव प्राणी गमावलेल्या मुलांत आठव्या वर्षी मानसिक त्रासाची लक्षणे काहीशी अधिक आढळली, मुलग्यांत विशेष. हा सहसंबंध आहे, कार्यकारणभाव नव्हे. समाज ज्या शोकाला मान्यता देत नाही त्याची संकल्पना केनेथ डोका यांनी १९८९ मध्ये मांडली. ‘प्राणीच तर होता’ हे उद्गार त्याच प्रकारात मोडतात.

मृताशी असलेले नाते तोडावे, या जुन्या विचाराऐवजी ते आठवणींतून टिकवावे, हे क्लास, सिल्व्हरमन व निकमन यांचे मत (१९९६) आता अधिक स्वीकारले जाते. त्यामुळे दुसरा प्राणी लगेच आणण्याची घाई टाळावी, असे सामान्यतः सुचवतात.