सिरॅमिक कॅपचे वय आणि तिचा रंग : पार्श्वभूमी

दाताला कॅप बसवून घेताना ‘ही पुढे पिवळी पडणार नाही ना?’ असे पुण्यातल्या दवाखान्यांत डॉक्टरांना हमखास विचारले जाते. अमृततुल्य चहावर जगणाऱ्या शहरात ही शंका रास्तच म्हणायची. मात्र दंतवैद्यकाने सिरॅमिक जवळ केले ते मुळात डाग न धरणारा पदार्थ म्हणूनच. अठराव्या शतकात हस्तिदंताच्या आणि पाणघोड्याच्या दाताच्या कवळ्या लाळेने काळवंडत आणि त्यांना दुर्गंधी येई. त्याला कंटाळून पॅरिसमधील औषधविक्रेते अलेक्सी द्युशातो यांनी १७७४ च्या सुमारास पोर्सिलेनची, म्हणजे चिनी मातीच्या सिरॅमिकची, कवळी घडवून घेतली. पुढे १८८९ मध्ये डेट्रॉइटच्या चार्ल्स लँड यांनी पोर्सिलेनच्या जॅकेट क्राउनचे, म्हणजे दाताला झाकणाऱ्या कॅपचे, पेटंट घेतले.

हे पोर्सिलेन दिसायला सुरेख असले तरी ठिसूळ होते. १९६० च्या दशकात ते धातूच्या सांगाड्यावर भाजण्याची पद्धत रूढ झाली आणि कॅप टिकू लागल्या. परंतु वयाबरोबर हिरडी मागे सरकली की कॅपच्या कडेला धातूची करडी रेघ उघडी पडे, आणि रंग जराही न बदललेली कॅप त्यामुळे जुनी दिसू लागे. धातूविरहित सिरॅमिकची ओढ वाढण्यामागे हे मोठे कारण होते.

लिथियम डायसिलिकेट (काचेसारखे सिरॅमिक) आणि झिरकोनिया (अतिशय मजबूत सिरॅमिक) हे धातूविरहित पर्याय आल्यावर प्रश्नाचे रूप बदलले. सिरॅमिकच्या अंतरंगात चहा-कॉफी सहसा मुरत नाही; डाग धरतो तो झिजलेल्या ग्लेझच्या (वरच्या चकचकीत थराच्या) खडबडीत पृष्ठभागावर. त्यामुळे चावा जुळवण्यासाठी कॅप घासल्यानंतर पुन्हा पॉलिश करणे टाळले गेले, तर दोष चहाला देण्यात अर्थ नाही. दाताच्या दर्शनी बाजूला चिकटवलेल्या व्हिनिअरसारख्या पातळ, अर्धपारदर्शक थराखाली ते चिकटवणारे रेझिन सिमेंट पिवळसर झाले, तर तो बदलही वरून जाणवू शकतो.

झिरकोनियाची गोष्ट निराळी आहे. ओलाव्याच्या संपर्कात त्याच्या कणांची स्फटिकरचना हळूहळू बदलते, कण आकारमानाने सुमारे ४ टक्के फुगतात आणि पृष्ठभाग खडबडीत होतो. परिणामी चमक आणि अर्धपारदर्शकता यांवर परिणाम होऊ शकतो. दीर्घकाळाचा हा परिणाम थोड्या वेळात तपासण्यासाठी नमुने ऑटोक्लेव्हमध्ये (दाबाखालील वाफेच्या यंत्रात) १३४ अंश सेल्सिअसच्या वाफेत ठेवतात. इतर सिरॅमिकना ५ आणि ५५ अंशांच्या पाण्यात आलटून पालटून हजारो वेळा बुडवतात किंवा कॉफीत भिजवतात. यिट्रिया (झिरकोनिया स्थिर ठेवण्यासाठी मिसळले जाणारे ऑक्साइड) अधिक असलेल्या नव्या झिरकोनियात हे रूपांतर कमी होते आणि पारदर्शकता वाढते, पण त्याची किंमत ताकदीत मोजावी लागते.

रंगातील फरक आकड्यांत मांडणे १९७६ च्या सीआयई एल-ए-बी या रंग मोजण्याच्या आंतरराष्ट्रीय पद्धतीमुळे सुकर झाले. त्या मोजमापात साधारण १.२ एककांचा फरक डोळ्याला कळतो आणि २.७ पर्यंतचा खपवून घेतला जातो, असे आज धरतात. तोंडात मात्र तुलना शेजारच्या खऱ्या दाताशी असते. वयाबरोबर त्याचे इनॅमल (वरचे कठीण आवरण) झिजते, आतले पिवळसर डेंटिन अधिक दिसू लागते आणि कॅप वेगळी उठून दिसते. ब्लीचिंगने खरा दात उजळतो, सिरॅमिक उजळत नाही. म्हणून ज्यांना दात पांढरे करून घ्यायचे असतील त्यांचे ब्लीचिंग आधी उरकून, रंग स्थिरावल्यावरच कॅपची शेड निवडली जाते.