रुग्णालयातली उतरंड आणि युनियनची घटना

डॉक्टर, परिचारिका, तंत्रज्ञ, कारकून, आया, वॉर्डबॉय, स्वयंपाकघर, धुलाई, सफाई. रुग्णालयात कोण कुठल्या पायरीवर आहे हे गणवेशावरूनच कळतं, आणि अनेक देशांत खालच्या पायऱ्यांवर स्त्रिया, स्थलांतरित आणि कृष्णवर्णीय कामगारांची गर्दी असते. हे सगळे एका युनियनमध्ये आले की ती उतरंडही मागोमाग येते. बैठकीत बोलायची सवय असलेला बोलतो, रजा मिळणारा पदाधिकारी होतो. आरोग्य कामगारांच्या युनियनमध्ये समावेशनाचा प्रश्न म्हणूनच हल्लीचा नाही.

न्यूयॉर्कची 'लोकल ११९९' ही १९३२ मध्ये फार्मासिस्ट आणि औषधदुकानांतल्या कामगारांनी उभी केली. नेतृत्व बहुतांशी ज्यू होतं. हार्लेममधल्या दुकानांत कृष्णवर्णीय फार्मासिस्ट घ्यावेत म्हणून तिने १९३० च्या दशकातच धरणं धरलं होतं. पुढे तिने रुग्णालयांकडे मोर्चा वळवला, तेव्हा तिथले कामगार बहुसंख्येने कृष्णवर्णीय आणि प्वेर्तो रिकोहून आलेले होते. ८ मे १९५९ ला या रुग्णालयांत सुरू झालेला संप ४६ दिवस चालला. अमेरिकेच्या १९४७ च्या टाफ्ट-हार्टली या कामगार कायद्याने ना-नफा रुग्णालयांना सामूहिक वाटाघाटीच्या हक्काबाहेर ठेवलं होतं. ती सूट रद्द व्हायला १९७४ उजाडलं.

अपमानाचा प्रश्न पगाराइतकाच मोठा होता, हे १९६९ च्या चार्ल्सटनच्या संपात स्पष्ट दिसतं. साउथ कॅरोलायना राज्यातल्या या शहरात, वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात, असंतोष पगाराच्या आधी वॉर्डात पेटला होता: रुग्णाची माहिती आणि नोंदी कृष्णवर्णीय सहायिकांना दिल्या जात नव्हत्या. ज्या रुग्णाला उचलायचं, पुसायचं, भरवायचं, त्याला काय झालंय हेच कळू द्यायचं नाही. मार्चमध्ये १२ जणांना काढल्यावर चारशेहून अधिक कामगार बाहेर पडले. ते कृष्णवर्णीय होते आणि त्यांत स्त्रियांचीच संख्या मोठी होती. मेरी मोल्ट्री त्यांच्या पुढारी होत्या, मार्टिन ल्यूथर किंग यांच्या पत्नी कोरेटा स्कॉट किंग पाठिंब्याला आल्या. सुमारे शंभर दिवसांनी काढलेल्यांना परत घेतलं गेलं आणि पगार वाढला, पण युनियनला अधिकृत मान्यता मिळाली नाही आणि ११९९ ची ती स्थानिक शाखा टिकली नाही.

११९९ च्या आतही सगळं सरळ नव्हतं. तंत्रज्ञ, समाजसेवक वगैरेंसाठी 'गिल्ड' नावाचा वेगळा विभाग केला होता. त्यामुळे हे लोक युनियनमध्ये यायला तयार झाले, हा फायदा खराच. पण सफाई, स्वयंपाकघर अशा सेवा विभागाशी असलेली दरीही तशीच राहिली. सभासद बहुसंख्येने कृष्णवर्णीय स्त्रिया असताना अध्यक्षपदी त्यांच्यातल्या डोरिस टर्नर यायला १९८२ साल लागलं, म्हणजे १९५९ च्या संपानंतर २३ वर्षं. त्यानंतर गटबाजी उफाळली. सभासदसंख्या आणि सत्ता यांतली ही दरी आपोआप बुजत नाही, नियमाने बुजवावी लागते.

तो नियम सगळ्यात ठळकपणे लिहिला गेला ब्रिटनमध्ये. तिथे कॅरिबियन बेटांतून आलेल्या अनेक मुलींना तीन वर्षांच्या 'रजिस्टर्ड' परिचारिकेऐवजी दोन वर्षांच्या 'एनरोल्ड' अभ्यासक्रमात ढकललं जाई. बढतीची वाट तिथेच बंद होई. १ जुलै १९९३ ला कोहसे, नुपे आणि नाल्गो या आरोग्य व सार्वजनिक सेवांतल्या तीन कामगार संघटना मिळून 'युनिसन' झाली, तेव्हा तिच्या घटनेतच, म्हणजे नियमावलीतच, तरतुदी आल्या: सभासदांतल्या प्रमाणात स्त्रियांना प्रतिनिधित्व, राष्ट्रीय कार्यकारिणीत कमी पगाराच्या स्त्रियांसाठी राखीव जागा, आणि स्त्रिया, कृष्णवर्णीय, अपंग, समलिंगी सभासदांचे स्वतःचे गट. यातली 'कमी पगाराच्या' ही अट फार मोलाची. नुसती 'स्त्री' एवढीच अट असती तर त्या जागांवर वरच्या श्रेणीतल्या अधिकारी बाईच बसत्या. गटांना युनियनच्या परिषदेत ठराव मांडता येतात, त्यामुळे ते नुसती भेटीगाठीची मंडळं राहत नाहीत.

पगाराच्या बाजूने २००४ पासून तिथल्या राष्ट्रीय आरोग्य सेवेत नोकरीचं मूल्यमापन १६ घटकांवर होऊ लागलं. त्यात शारीरिक श्रम, भावनिक ताण, कामाची परिस्थिती हेही आहेत. मरणासन्न रुग्णाजवळ बसण्याला गुण मिळू लागले. गुण ठरवणाऱ्या समितीत कामगारांच्या बाजूचे प्रतिनिधी असतात, पण तिथे प्रशिक्षित परिचारिकाच गेल्या आणि सफाई किंवा धुलाईचं कुणी गेलं नाही, की त्या कामाचं वर्णन अर्धवट उतरतं आणि गुण कमी पडतात.

आज घटनेत सगळं असूनही बिघडतं ते बहुधा साध्या जागी. सर्वसाधारण सभा दुपारी ठेवली की रात्रपाळीवाले झोपेतून उठून येत नाहीत. एकच सभा पाळी बदलण्याच्या दोन वेगवेगळ्या वेळी घेतली आणि दोन्हीकडे मतदान ठेवलं, तर सगळ्या पाळ्यांतल्या लोकांना येता येतं. वर्गणी सरसकट एकच असेल तर आयाला ती तंत्रज्ञापेक्षा जड जाते. पगाराच्या टक्केवारीत ठेवली तर तो भार सारखा होतो. कंत्राटदाराकडून आलेल्या कामगारांना सभासदत्व देणारं कलम घटनेत नसेल, तर सगळ्यात असुरक्षित माणूस दारातच थांबतो. आणि राखीव जागेवरच्या एकट्या प्रतिनिधीला वाटाघाटी समितीत घेतलं नाही, तर तिचं मत इतिवृत्तात येतं, मागणीपत्रात येत नाही. मागणीपत्राचा मसुदा तयार होतो त्या दिवशी, त्या खोलीत ती हवी.