कीवाटिन (प्रवासी जहाज)

कीवाटिन : उत्तर अमेरिकेच्या पंचमहासरोवरांवर चालणारे, कॅनडियन पॅसिफिक रेल्वे कंपनीचे वाफेचे प्रवासी जहाज. १९०७ मध्ये स्कॉटलंडमधील गोवन येथे फेअरफील्ड कंपनीच्या गोदीत त्याची बांधणी झाली. लांबी सुमारे ३५० फूट. सकल टनेज (आतील एकूण जागेचे माप) ३,८५६. सोय २८८ प्रवाशांची. असिनिबोइया हे त्याचे जुळे जहाज.

अटलांटिक महासागर त्याने स्वतःच्या इंजिनावर ओलांडला, पण पुढे कालव्यांनी अडवले. ओंटारिओ आणि ईरी सरोवरांना जोडणाऱ्या त्या काळच्या वेलंड कालव्यातील जलपाश (पाण्याची पातळी बदलून जहाज वर-खाली नेणारे दरवाजांचे कप्पे) जेमतेम २७० फुटांचे, त्यात हे धूड मावणार कसे? मग क्वेबेकजवळ लेव्ही येथे जहाज मधोमध कापले, दोन्ही तुकडे ओढून बफेलोला नेले आणि तिथे पुन्हा जोडले. या जोडावर ते पुढे अर्धशतकाहून अधिक काळ चालले.

१९०८ पासून ओवेन साउंड आणि १९१२ पासून पोर्ट मॅक्निकोल हे त्याचे पूर्वेकडील बंदर होते. टोरांटोहून निघालेली आगगाडी थेट धक्क्याला लागे. उतारू जहाजात चढत आणि सू सेंट मेरीच्या जलपाशांतून सुपीरियर सरोवरात शिरून पोर्ट आर्थर व फोर्ट विल्यमला (आताचे थंडर बे) पोहोचत. परतताना तळघरात धान्य आणि पीठ असे. वर मात्र थाट वेगळाच : लाकडी नक्षीकाम, रंगीत काचांचे झरोके असलेला दिवाणखाना, पांढऱ्याशुभ्र मेजपोसांचे भोजनगृह. मुळात रेल्वेमार्गातला पाण्यावरचा टप्पा, पण लोक तो सुट्टीसाठी निवडू लागले.

१९४९ मध्ये टोरांटोच्या धक्क्यावर नोरोनिक हे दुसऱ्या कंपनीचे जहाज जळून शंभराहून अधिक माणसे दगावली. त्यानंतर आगीविषयीचे नियम कडक झाले, आणि लाकडी केबिनांच्या जहाजांना ते झेपणारे नव्हते. त्यात मोटार आणि विमान यांची स्पर्धा. १९६५ मध्ये प्रवासी सेवा थांबली. असिनिबोइयाचे उपाहारगृह करायचे घाटत होते, पण १९६९ मध्ये ते जळाले. कीवाटिन मात्र १९६७ मध्ये मिशिगनमधील डग्लसला जाऊन संग्रहालय झाले. तिथे गाळात इतके रुतले, की २०१२ मध्ये पोर्ट मॅक्निकोलला परत आणण्यासाठी आधी गाळ उपसावा लागला. २०२३ मध्ये ते तिथूनही हलले. आता कॅनडातील किंग्स्टनच्या ग्रेट लेक्स संग्रहालयात आहे.

स्मरणवस्तू : जहाजाच्या आठवणी म्हणून पोस्टकार्डे, जेवणाच्या यादीची पत्रके, सामानाच्या चिठ्ठ्या, वेळापत्रके, चिनी मातीची भांडी, चांदीचा मुलामा दिलेले काटे-चमचे असे बरेच काही संग्राहक जपतात. यांतल्या काही वस्तू आठवण म्हणून विकत घेण्यासाठीच असत. काही वापरातल्या, कुणीतरी खिशात घालून घरी नेलेल्या. भाव चांदीला मिळतो, माहिती मात्र कागदावरून जास्त कळते : जेवणाच्या पत्रकावर तारीख आणि त्या दिवशीचे पदार्थ सापडतात. भांड्यांबाबत सावध राहिलेले बरे. बशीवर नुसती कंपनीची मुद्रा असेल, तर ती बशी जहाजावरचीच असेल असे नाही. हीच कंपनी आगगाड्यांत भोजनाचे डबे आणि देशभर मोठमोठी हॉटेले चालवत असे. कीवाटिनचे नाव छापलेला फाटका कागद अशा बशीपेक्षा भरवशाचा.