खरवस घट्ट का होतो?

गाय व्यायल्यावर पहिल्या दिवसाचा चीक नुसता वाफवला, तरी त्याच्या वड्या पडतात. नेहमीचं दूध कितीही उकळा, वर साय येईल, पण वड्या पडणार नाहीत. फरक प्रथिनांचा आहे. चांगल्या चिकाच्या एका लिटरमध्ये ५० ग्रॅम किंवा त्याहून जास्त अँटीबॉडी, म्हणजे रोगजंतूंशी लढणारी प्रथिनं, असतात. नंतरच्या दुधात जेमतेम एक ग्रॅम. उष्णतेने या प्रथिनांच्या घड्या उलगडतात, ती एकमेकांत गुंततात आणि चीक धरतो. म्हणजे खरवस जमला, की त्यातल्या अँटीबॉडी कामातून गेल्याच! वेलची-जायफळ घालून तो खावा चवीसाठी, प्रतिकारशक्तीसाठी नव्हे.

हा साठा खरं तर वासराचा. माणसाच्या बाळाला आईच्या अँटीबॉडी पोटात असतानाच वारेतून (प्लॅसेंटातून) मिळतात. गाईच्या वारेतून त्या पलीकडे जात नाहीत. त्याऐवजी विण्याआधी तीन-चार आठवडे कास रक्तातल्या अँटीबॉडी ओढून चिकात साठवू लागते. म्हणूनच वासरांच्या हगवणीवरची (रोटाव्हायरस, कोरोनाव्हायरस, ई. कोलाय) लस गाभण गाईला, तिचं दूध काढणं थांबवल्यावर (आटवल्यावर) टोचतात. अगदी विण्याच्या तोंडावर टोचली तर फारसा उपयोग नाही. रक्तात अँटीबॉडी वाढायला दोनेक आठवडे लागतात, तोवर कास भरत आलेली असते.

पुढची घाई वासराच्या आतड्याची. अँटीबॉडी न पचवता जशाच्या तशा शोषून घेणारी त्याची वाट तासागणिक अरुंद होते आणि २४ तासांत बंद होते. त्यामुळे ३० किलोच्या वासराला पहिल्या दोन तासांत तीन लिटर चीक पाजावा. ‘वार पडल्याशिवाय चीक पाजायचा नाही’ ही जुनी समजूत इथे घात करते, कारण वार पडायला कधी कधी बारा तासही लागतात.

चिकाचा कस ब्रिक्स मीटरवर (द्रवात विरघळलेले घटक मोजणाऱ्या छोट्या उपकरणावर) कळतो: २२ टक्के किंवा वर असेल तर उत्तम. जंतू मारण्यासाठी तो ६० अंश सेल्सियसवर तासभर ठेवता येतो, अँटीबॉडी टिकतात. ६३ च्या वर गेलात की तो दाटू लागतो, म्हणजे नकळत खरवसच सुरू!

आईकडून आलेल्या या अँटीबॉडी वासराच्या स्वतःच्या लसीलाही आडव्या येतात. लाळ्या-खुरकूतची पहिली लस चौथ्या महिन्यानंतर देतात ती याचसाठी.