थायरॉईडची गोळी आणि गव्हाचा कण

लेव्होथायरॉक्सिन या थायरॉईडच्या औषधाची 50 मायक्रोग्रॅमची गोळी तळहातावर घेतली, तरी आपण पाहतो ते बहुतांशी औषध नसतेच. एका ग्रॅमचे वीस हजार भाग केले, तर त्यातला एक भाग म्हणजे तिच्यातले खरे औषध. इतक्या थोड्या पदार्थाला चिमटीत धरता येईल असा आकार यावा म्हणून त्यात लॅक्टोज, सेल्युलोज, मक्याचा स्टार्च, मॅग्नेशियम स्टिअरेट असे पूरक पदार्थ आणि कधी रंगही मिसळलेला असतो. औषधी स्टार्च मका, बटाटा, तांदूळ, टॅपिओका यांच्याप्रमाणे गव्हापासूनही तयार करता येतो, आणि गोळीत ग्लूटेन, म्हणजे गव्हातले चिकट प्रथिन, तर नाही ना, ही शंका नेमकी इथूनच निघते.

बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या एखाद्या मेडिकलमध्ये "ह्यात गहू नाही ना?" असे कोणी विचारले, तर त्याला हसू नये. हाशिमोटो थायरॉयडायटिस (थायरॉईड ग्रंथी मंदावणारा) आणि सिलिॲक (ग्लूटेनमुळे लहान आतड्याला इजा होणारा) हे दोन्ही आजार रोगप्रतिकारशक्ती स्वतःच्याच शरीरावर उलटल्यामुळे होतात आणि पुष्कळदा एकाच माणसात भेटतात. थायरॉईडच्या अशा शंभर रुग्णांपैकी साधारण दोन ते पाच जणांना सिलिॲकही असतो. त्यांच्या बाबतीत हा प्रश्न आवडीनिवडीचा नसून आतड्याच्या अस्तराचा असतो.

अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने 2017 साली या विषयावर मार्गदर्शक मसुदा काढला. तोंडाने घेण्याच्या औषधात गव्हाचे ग्लूटेन मुद्दाम घातल्याचे एकही उदाहरण आपल्या माहितीत नाही, असे त्यात नमूद आहे. गव्हाचा स्टार्च वापरला गेलाच, तरी एका गोळीतून जास्तीत जास्त अर्धा मिलिग्रॅम ग्लूटेन पोटात जाईल, असा त्यांचा अंदाज आहे. 'ग्लूटेनमुक्त' म्हणून विकल्या जाणाऱ्या अन्नात एका किलोमागे 20 मिलिग्रॅमपर्यंत ग्लूटेन चालते, म्हणजे त्याच्या 30 ग्रॅमच्या वाढणीतून 0.6 मिलिग्रॅम येऊ शकते. गव्हाच्या एका चपातीत मात्र ते दोन-तीन ग्रॅम भरते. थोडक्यात, एका चपातीची बरोबरी करायला हजारो गोळ्या लागतील.

माझ्या मते खरा गहू गोळीत नव्हे, गिरणीत शोधावा. गव्हाचे दळण उतरल्यावर त्याच दगडांखाली कोणाचा शाळू किंवा नाचणा टाकला, की पीठ सोडणाऱ्या कापडी नळीला चिकटलेला आणि दगडांत अडकलेला गव्हाचा भुगा नव्या दळणाच्या पहिल्या ओंजळींत मिसळतो, आणि "आम्ही भाकरीच खातो" म्हणणाऱ्याला त्याचा पत्ताही लागत नाही. डब्यातल्या हिंगाचेही तसेच: बाजारातल्या बांधानी हिंगात पुष्कळदा गव्हाचे पीठ असते. खपली गव्हाविषयीचा गैरसमज तर आमच्या भागात फारच पक्का आहे. कानडीत 'जवे गोधी' म्हणतात तो हा गहू पचायला हलका मानला जातो आणि त्याची खीर उत्तमच लागते, पण त्यात ग्लूटेन असते. सिलिॲकच्या रुग्णाला तो चालत नाही.

ग्लूटेन आणि थायरॉईडची गोळी यांचा खरा संबंध वेगळाच आहे. हे औषध लहान आतड्यात शोषले जाते. सिलिॲकमध्ये तिथले बोटांसारखे बारीक उंचवटे झिजून सपाट होतात, त्यामुळे नेमाने गोळी घेऊनही टीएसएच (थायरॉईड कमी पडला की रक्तात वाढणारे संप्रेरक) खाली येत नाही आणि डोस वाढवत न्यावा लागतो. अशा वेळी कंपनीला दोष देण्याआधी डॉक्टरांना सिलिॲकच्या रक्ततपासणीबद्दल विचारावे. ती तपासणी होईपर्यंत गहू मात्र सोडू नये, कारण गहू आधीच बंद केला तर ती खोटी 'निगेटिव्ह' येऊ शकते. निदान होऊन पथ्य सुरू झाले की आतडे हळूहळू भरून येते, पूर्वीचाच डोस जास्त होऊ लागतो आणि छातीत धडधड सुरू होते. म्हणून त्या काळात टीएसएच पुन्हा पाहावा लागतो. ज्यांना सिलिॲक नाही, त्यांचा थायरॉईड केवळ गहू सोडल्याने बरा होतो, याला भक्कम आधार नाही.

एवढे करूनही शंका उरली, तर बाटलीवरचे कंपनीचे नाव आणि बॅच क्रमांक सांगून कंपनीच्या ग्राहक क्रमांकावर नेमका प्रश्न विचारावा: "स्टार्च कशाचा आहे?" नुसते "ग्लूटेन आहे का?" विचारले, तर बहुधा गोलमोल उत्तर मिळते. उत्तर येईपर्यंत गोळी बंद करू नये. या औषधाचा अर्धायुकाल, म्हणजे शरीरातले प्रमाण निम्म्यावर यायला लागणारा वेळ, सुमारे सात दिवसांचा असल्यामुळे बंद केल्याचा परिणाम लगेच जाणवत नाही, आणि धोका त्यातच आहे.

गोळी उपाशीपोटी, साध्या पाण्याबरोबर घ्यावी आणि दुधाचा चहा अर्ध्या ते एका तासाने घ्यावा. कॅल्शियम किंवा लोहाच्या गोळ्या चार तासांच्या अंतराने घ्याव्यात. खानापूरकडच्या पावसाळी दमटपणात बाटलीचे झाकण घट्ट लावून ती चुलीपासून आणि मोरीपासून दूर ठेवावी, कारण ऊन, उष्णता आणि ओल यांनी हे औषध उतरते. डॉक्टरांच्या सल्ल्याने कंपनी बदललीच, तर सहा ते आठ आठवड्यांनी टीएसएच तपासून घ्यावा.