कार्बन नॅनोट्यूबमधील एक्सायटॉन आणि प्रकाशाचे उत्सर्जन

कार्बन नॅनोट्यूब म्हणजे कार्बन अणूंच्या जाळीची अतिसूक्ष्म नळी. अर्धसंवाहक जातीच्या एकपदरी नळीने प्रकाश शोषला की एक इलेक्ट्रॉन वरच्या ऊर्जापट्ट्यात जातो आणि खाली त्याची रिकामी जागा, म्हणजे धनभारित पोकळी, उरते. ही दोन्ही एकमेकांना धरून राहतात. या बांधलेल्या जोडीला एक्सायटॉन म्हणतात. नळीतून बाहेर पडणारा प्रकाश मुख्यतः ही जोडी विलीन होताना निर्माण होतो.

जोडीच्या घट्टपणाचे कारण नळीच्या बारीकपणात आहे. व्यास जेमतेम १ नॅनोमीटर, त्यामुळे दोन्ही भारांना हालचाल करायला फक्त लांबीची दिशा मिळते. शिवाय त्यांच्यातले विद्युत् क्षेत्र बरेचसे नळीबाहेर पसरलेले असल्याने आकर्षण फारसे झाकले जात नाही. गॅलियम आर्सेनाइडच्या स्फटिकात एक्सायटॉनची बंधनऊर्जा, म्हणजे जोडी तोडायला लागणारी ऊर्जा, सुमारे ४ मिलि-इलेक्ट्रॉनव्होल्ट असते. खोलीच्या तापमानाची सुमारे २५ मिलि-इलेक्ट्रॉनव्होल्ट उष्णता ती सहज तोडते. ०.८ नॅनोमीटर व्यासाच्या नॅनोट्यूबमध्ये हाच आकडा ४०० च्या घरात जातो.

त्सुनेया आंदो यांनी १९९७ मध्येच गणिताने हे सुचवले होते. पण तेव्हा नळ्यांचा प्रकाश कोणी पाहिलाच नव्हता, कारण नळ्या जुडग्याने चिकटून राहतात आणि जुडग्यातली धातुजातीची नळी शेजारणीची ऊर्जा गिळून टाकते. २००२ मध्ये राइस विद्यापीठात स्मॉली आणि वाइसमन यांच्या गटांनी साबणासारख्या रसायनाच्या पाण्यात, स्वनातीत लहरींनी नळ्या सुट्या केल्या आणि अवरक्त प्रकाश दिसला. (६,५) प्रकारच्या नळ्या वेगळ्या काढल्या (हे दोन आकडे नळीची जाळी कशी गुंडाळली आहे ते सांगतात) तर द्रव जांभळा दिसतो. ५७० नॅनोमीटरच्या आसपासचा हिरवा-पिवळा प्रकाश तो शोषतो आणि ९८० ते ९९० नॅनोमीटरला परत देतो. डोळ्यांना तो उजेड दिसत नाही. त्यासाठी अवरक्त संवेदक लागतो.

प्रकाश दिसला, पण तो सुट्या इलेक्ट्रॉनांचा की बांधलेल्या जोडीचा? इलेक्ट्रॉन सुटे मानणाऱ्या साध्या सिद्धांताप्रमाणे नळी ज्या ऊर्जांना प्रकाश शोषते, त्यांतल्या दुसऱ्या आणि पहिल्या संक्रमणाच्या ऊर्जांचे गुणोत्तर मोठ्या व्यासाला २ कडे झुकायला हवे होते. मोजमापांत ते कमीच येत होते. निकाल लावला तो २००५ च्या प्रयोगाने. कोलंबिया विद्यापीठातील फेंग वांग, गोर्डाना डुकोविच, लुई ब्रूस आणि टोनी हाइन्झ यांनी नळ्यांना एकाच वेळी दोन फोटॉन (प्रकाशकण) शोषायला लावले. सममितीच्या नियमामुळे दोन फोटॉनांनी, एका फोटॉनने पोहोचता येणारी पातळी गाठता येत नाही. त्याहून वरची गाठावी लागते. जोडी बांधलेली नसती तर शोषणाची सुरुवात उत्सर्जनाच्या ऊर्जेपाशीच झाली असती. ती बरीच वर झाली, आणि त्या फरकातूनच बंधनऊर्जेचा अंदाज आला. त्याच वर्षी बर्लिनमधील गटानेही हाच निष्कर्ष काढला. या विषयातला इतका स्वच्छ पुरावा दुसरा नाही, असे म्हणायला हरकत नाही.

तरीही नॅनोट्यूब मंदच प्रकाशते. द्रवातील नमुन्यांत शोषलेल्या शंभर फोटॉनांपैकी सहसा एखादाच परत मिळतो. स्पिन (कणांचा अंगभूत फिरकीसारखा गुण) आणि ऊर्जादऱ्या (ऊर्जापट्ट्यातल्या समान ऊर्जेच्या जागा) मिळून सर्वांत खालच्या एक्सायटॉनच्या १६ अवस्था होतात. त्यांतली एकच थेट प्रकाश देऊ शकते, आणि तिच्याही खाली अप्रकाशी अवस्था आहेत. दुसरे कारण भटकंतीचे. एक्सायटॉन आपल्या आयुष्यात नळीवर सुमारे १०० नॅनोमीटर फिरतो आणि वाटेत दोष किंवा नळीचे टोक लागले तर प्रकाश न देताच संपतो. २००७ मध्ये एकेका नळीवर रसायनाची क्रिया घडवून पाहिली, तेव्हा प्रत्येक रेणू चिकटताच तेवढ्या तुकड्याची चमक पायरीपायरीने उतरताना दिसली.

मात्र हाच दोष मोजून-मापून बसवला तर उपयोगी पडतो. २०१० मध्ये ऑक्सिजनने आणि २०१३ मध्ये अरिल गटांनी (बेंझिनसारख्या वलयाच्या अणुगटांनी) हे दाखवून दिले. विरळ बसवलेला दोष एक्सायटॉनला अप्रकाशी अवस्थांपेक्षाही खालच्या पातळीवर अडकवतो. तिथून तो अधिक लांब तरंगलांबीचा प्रकाश देतो. २०१३ च्या प्रयोगात चमक २८ पटींपर्यंत वाढली. अडकलेला एक्सायटॉन एका वेळी एकच फोटॉन सोडू शकतो. २०१७ मध्ये अशा दोषांतून खोलीच्या तापमानाला, प्रकाशतंतूंच्या दळणवळणात वापरल्या जाणाऱ्या १.५५ मायक्रोमीटर तरंगलांबीपर्यंत, एकेक फोटॉन मिळवण्यात आला.